नाणे संपले की खेळ संपायचा

“आमच्या टायमाचे गेम बरे होते. आत्ताच्या गेमने पोरं वाया चालली.”

हे वाक्य आम्ही नगर शहरातल्या वस्त्यांमध्ये ऐकले, भिंगारला ऐकले, श्रीरामपूरला ऐकले, पाथर्डी-शेवगावकडच्या गावांतही ऐकले. बोलणारे बहुतेक पस्तीस ते पंचेचाळीस वयाचे बाप असतात. आरोग्यवर्गात रक्तदाब, साखर, मुलींचे हिमोग्लोबिन असे विषय चाललेले असतात आणि मध्येच कुणीतरी उठून म्हणते, ते राहू द्या, आधी या मोबाईलच्या गेमचे काय करायचे ते सांगा. म्हणून या वेळचे पान या विषयाला दिले आहे.

एका रविवारी वंदना झाल्यावर विहारातच ही चर्चा निघाली. एका दादांनी घरातून जुना ब्रिक गेम आणला होता. पेन्सिल सेलवर चालणारा, बटणे दाबून दाबून गुळगुळीत झालेला. तो त्यांनी सातवीतल्या आपल्या मुलाच्या हातात दिला. मुलाने वरून पडणाऱ्या विटा रचल्या, दोन डाव हरला, तिसऱ्यात बरा खेळला. वीस मिनिटांनी गेम परत देत म्हणाला, “पप्पा, यात पुढं काही नाही का?”

सगळे हसले. पण मुलाने नेमके बोट ठेवले होते. जुन्या गेममध्ये पुढे काही नव्हते, म्हणून तो हातातून सुटत होता.

ते दिवस

तरुण आयांना हे गेम माहीत नसतील म्हणून थोडे सांगतो. १९९० नंतरच्या काळात टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम आपल्याकडे आले. जपानच्या निन्टेंडो कंपनीच्या यंत्राच्या त्या स्वस्त नकला होत्या. कॅसेट खोचायची, चित्र आले नाही तर काढून फुंकर मारायची, परत खोचायची. कॅसेटवर ‘९९९९ इन वन’ असे छापलेले असायचे, आत मात्र तेच दहावीस गेम फिरून फिरून यायचे. मारिओ हा मुळात १९८५ सालचा गेम. त्याच्या जोडीला कॉन्ट्रा, रणगाड्यांचा गेम, बदके मारायचा गेम आणि रोड फायटर. ब्रिक गेम म्हणजे मॉस्कोच्या अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी १९८४ साली तयार केलेला टेट्रिस. एसटी स्टँडच्या आसपास किंवा थिएटरच्या बाजूला गेम पार्लर असायचे. तिथला सगळ्यांचा लाडका गेम ‘मुस्तफा’. त्याचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’, कॅपकॉम या जपानी कंपनीने १९९३ मध्ये काढलेला. त्यातल्या एका गड्याचे नाव मुस्तफा, म्हणून आपल्या पोरांनी गेमलाच मुस्तफा करून टाकले. मग नोकियाच्या फोनमधला साप आला. तो पहिल्यांदा १९९७ मध्ये आला, पण आपल्या वस्तीत पोचला २००३ नंतर, अकराशे नंबरच्या बॅटरीवाल्या फोनबरोबर.

वस्तीत हे सगळे सहज मिळत नव्हते. गावातल्या एखाद्या घरी टीव्हीवर गेम चालू असायचा आणि आपली पोरे दाराबाहेर उभी राहून बघायची. “आत या” म्हणणारी घरे थोडी होती. मग एमआयडीसीत लागलेल्या कुणाच्या तरी थोरल्या भावाने दिवाळीच्या बोनसमधून संच आणला, की ते घर म्हणजे अख्ख्या गल्लीचे घर व्हायचे. रिमोट दोन, पोरे बारा. “तुझा मेला, आता माझा नंबर.” जो खेळत नसेल तो बघायचा, ओरडायचा, शिकवायचा. त्या काळच्या आठवणी सांगताना लोकांचे डोळे चमकतात ते मारिओमुळे नाही. गर्दीमुळे चमकतात.

आणि तो खेळ संपायचा. हे नीट बघा. कॉन्ट्रात तीन जीव, ते गेले की संपला. मारिओत वर घड्याळ उलटे चालायचे, तेही संपायचे. रोड फायटरमध्ये गाडीचे पेट्रोल संपायचे. पार्लरमध्ये एक रुपयाचे नाणे संपायचे. ते काही संपले नाही तर लाईट जायची. भारनियमनाची ती वर्षे आठवा, गावाकडे तर दिवसाचे दहा-दहा, बारा-बारा तास. लाईट आल्यावर खेळ पहिल्यापासून, कारण मारिओत गेम साठवून ठेवायची सोयच नव्हती. तेवढ्यात बातम्या लावायला वडील यायचे किंवा मालिका बघायला आई यायची. टीव्ही एकच होता. पोराला स्वतःच्या मनाला लगाम घालावा लागत नव्हता, तो लगाम नाणे, लाईट आणि आई-बाप यांच्या हातात होता.

तेव्हा आमच्या टायमाची पोरे शहाणी होती, असे कुणी मनात आणू नये. बापाच्या खिशातले नाणे चोरून पार्लर गाठणारी पोरे आम्हाला माहीत आहेत. त्यातली काही आज आरोग्यवर्गात पुढच्या रांगेत बसतात. शाळेच्या वेळेत पार्लर भरलेले असायचे. तिथे बिडी आणि गुटखा शिकलेले लोक आज आमच्याकडे तोंड उघडत नाही म्हणून येतात. मुलींना तर त्या दारातून आत पाऊल टाकायची सोय नव्हती. आणि दुखणी? १९९० मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात पस्तीस वर्षांच्या एका बाईंची नोंद छापून आली होती. निन्टेंडोवर सलग पाच तास खेळल्याने त्यांचा अंगठा दुखून आला होता. डॉक्टरांनी गमतीने त्या दुखण्याला निन्टेंडोचेच नाव दिले. म्हणजे दुखणेही जुनेच आहे.

फरक कुठे पडला

फरक समजायला एकच प्रश्न विचारावा. पैसे कुणाला, कशाचे मिळतात?

कॅसेट विकणाऱ्याला पैसे एकदाच मिळायचे. नंतर तुम्ही ती दहा मिनिटे खेळा की दहा वर्षे, त्याला देणेघेणे नाही. पार्लरवाल्याचा फायदा तुम्ही लवकर मरण्यात होता, म्हणजे तुम्ही दुसरे नाणे टाकाल. म्हणून ते गेम अवघड असायचे. आजचा मोबाईल गेम फुकट मिळतो. फुकटाच्या गेममधून कमवायचे तर खेळणारा तिथून उठता कामा नये. तो जितका वेळ आत, तितक्या जाहिराती दिसणार, तितका कधी ना कधी पैसे भरण्याचा संभव. हुशार लोक पगार घेऊन याच कामाला बसवलेले आहेत, की मुलाला उठावेसे वाटू नये.

त्यासाठी काय काय करतात ते आम्ही मुलांकडूनच समजून घेतले. रोज गेम उघडला तर बक्षीस, एक दिवस चुकला तर साखळी तुटते. दर काही आठवड्यांनी नवा हंगाम सुरू होतो आणि कमावलेला दर्जा खाली येतो, तो परत मिळवायचा. चार जणांचा संघ असतो, मध्येच उठलास तर तिघांचा डाव बुडतो आणि शिव्या बसतात. फिरवायचे चक्र असते, उघडायची पेटी असते. आत काय निघेल ते माहीत नाही. दहा वेळा फालतू निघते आणि अकराव्यांदा झगमगता पोशाख.

या शेवटच्या युक्तीचे मर्म फार पूर्वी उघड झाले आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी पिंजऱ्यातल्या कबुतरांवर प्रयोग केले. कळीवर चोच मारली की दाणा. दर वेळी दाणा मिळत असेल तर कबुतर पोटापुरते मारते. पण दाणा कधी मिळतो, कधी नाही, असे केले तर ते चोच मारत सुटते. जुगाराच्या अड्ड्यावरचे यंत्र याच नियमावर चालते. बेल्जियम देशाने २०१८ मध्ये गेममधल्या पैसे भरून उघडायच्या अशा पेट्यांना जुगार ठरवले. चीनने २०२१ मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना ऑनलाईन गेमसाठी फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच तास ठेवला. आपल्याकडे असले बंधन नाही. पबजी मार्च २०१८ मध्ये मोबाईलवर आला, सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने बंद केला, पण ते चिनी कंपन्यांच्या ॲपवरच्या बंदीत. मुलांच्या झोपेसाठी नव्हे. पुढच्या वर्षी तोच खेळ दुसऱ्या नावाने परत आला.

आपल्या घरांत हे आले कसे? २०१६ नंतर नेट स्वस्त झाले. आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाईलवर गेली. ज्या घरात साधा फोन होता त्या घरांनी उसनवारी करून, हप्त्यावर, कुणी कानातले मोडून मोठा फोन घेतला, कशासाठी तर मुलाचे शिक्षण बुडू नये म्हणून. बाबासाहेबांच्या लेकरांनी शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेणे नवीन नाही. शाळा परत वर्गात गेली, फोन मुलाच्या हातात राहिला. आईबापांनी निष्काळजीपणा केला असे आम्ही कधीच म्हणणार नाही.

त्यात वस्तीची अडचण वेगळी. दहा बाय बाराची खोली, बाहेर गटार आणि गाड्या, मोकळे मैदान नाही. ऊसतोडीला गेलेल्या घरांमध्ये तर दिवाळीपासून मार्च-एप्रिलपर्यंत मूल आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात. आजीला फोन वापरता येत नाही, आई-बापाचा आवाज ऐकायला फोन हवाच. मग तो मुलाच्याच ताब्यात असतो. अशा ठिकाणी मोबाईल हेच सगळ्यात स्वस्त मैदान होते. मुलाला त्यावरून शिव्या देण्याआधी एवढे लक्षात घ्यावे.

शरीरावर काय होते

सगळ्यात आधी झोप जाते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज नऊ ते बारा तास झोप लागते, तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास. गोधडीत डोके घालून रात्री दीडपर्यंत खेळणारा मुलगा सकाळी सातच्या शाळेला उठतो तेव्हा त्याची झोप साडेपाच तासही होत नाही. पडद्याच्या उजेडाने मेंदूला रात्र झाल्याची खूण उशिरा मिळते. शिवाय मारामारीच्या खेळाने छाती धडधडत असते, ती फोन ठेवल्यावर लगेच शांत होत नाही. मग वर्गात पेंग, चिडचिड, पाठांतर न होणे. कित्येक घरांत “पोरगं ढ झालं” म्हणतात तेव्हा ते फक्त झोपेला आलेले असते.

डोळ्यांचे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण शाळेतल्या तपासणीत लांबचे न दिसणारी मुले आम्हाला दर वेळी सापडतात. फोन डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरला की डोळ्यांच्या स्नायूंना ताण पडतो. टक लावून बघताना पापणी कमी वेळा मिटते, म्हणून डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. वाढत्या वयात सतत जवळचे पाहणे आणि उन्हाउजेडात न फिरणे या दोन्हींमुळे चष्मा लागायची शक्यता वाढते. चीनमधल्या ग्वांगझू शहरात शाळेतल्या लहान मुलांना रोज चाळीस मिनिटे जास्त बाहेर काढून तीन वर्षे पाहिले. नेहमीच्या मुलांपैकी शंभरात सुमारे चाळीस जणांना लांबचे कमी दिसू लागले, बाहेर काढलेल्यांपैकी सुमारे तीस जणांना. यासाठी औषध लागले नाही, पैसा लागला नाही, दिवसाचा उजेड लागला. खेळताना दर वीस मिनिटांनी नजर उचलून वीस सेकंद लांबवर, गल्लीच्या टोकाकडे बघायला मुलांना शिकवा. डोके दुखते, फळा दिसत नाही असे मूल म्हणाले तर शाळेच्या तपासणीची वाट न पाहता डोळे दाखवा.

मान, पाठ आणि अंगठ्याच्या मुळाशी दुखणे हे विश्रांतीने बहुधा बरे होते. जेवण मात्र बिघडते, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात कुरकुऱ्यांची पुडी.

आता ‘व्यसन’ या शब्दाबद्दल. तासभर गेम खेळणारे प्रत्येक मूल आजारी नसते, आणि बहुतेक मुले आजारी नसतातच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये गेमच्या विकाराला आजारांच्या यादीत मान्यता दिली, ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. डॉक्टर तीन गोष्टी बघतात. खेळायला कधी बसायचे, कधी उठायचे यावर ताबा राहिला नाही. जेवण, मित्र, अभ्यास, काम या सगळ्याच्या वर गेम गेला. आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच आहे, वाढतो आहे. हे साधारण वर्षभर चालू असेल आणि घर, शाळा, कामधंदा बिघडला असेल तेव्हाच आजार म्हणतात. प्रकार गंभीर असेल तर लवकरही निदान होते. तेव्हा सुटीत चार दिवस जास्त खेळलेल्या मुलाला “तू व्यसनी” म्हणून सगळ्यांसमोर नावे ठेवू नका.

एका घरची गोष्ट

ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगतो. वडील हमाली करतात, आई चार घरची धुणीभांडी. मुलगा नववीत. आईला वाचता येत नाही, म्हणून फोनवरून पैसे पाठवायचे काम मुलाकडेच आणि पिनही त्यालाच माहीत. आई बचत गटाची सचिव. गटाचे जमलेले पैसे तिच्या खात्यात होते. बैठकीच्या दिवशी बघतात तो सहा हजार चारशे रुपये कमी. ऐंशी, शंभर, अडीचशे असे करत गेममधल्या पोशाखांवर आणि पेट्यांवर दोन महिन्यांत गेले होते. गटातल्या बायका चांगल्या, पण कुजबुज व्हायची ती झाली. वडिलांनी मुलाला मारले, फोन दगडावर आपटला. मुलगा दोन दिवस घरी आला नाही. राहुरीला मामाकडे सापडला.

आमच्याकडे आला तेव्हा तो मान वर करत नव्हता. रात्री चार तास झोप, वजन उतरलेले. तिसऱ्या भेटीत बोलला. “तिथं मला सगळे लीडर म्हणत्यात. मी सांगंल तिकडं टीम जाती. वर्गात मला कोण विचारतं?”

हे ऐकून आम्ही काही वेळ गप्प बसलो. गेममध्ये कुणी आडनाव विचारत नाही, कुठल्या वस्तीत राहतोस विचारत नाही, कपडे बघत नाही. नेम चांगला असेल तर मान मिळतो. आपल्या मुलाला शाळेत, गावात जे मिळायला हवे होते ते त्याला तिथे खोटे का होईना मिळत होते. फोन फोडून ती भूक फुटत नाही.

मारण्याबद्दल इथेच सांगून टाकतो. फोन हिसकावल्यावर, फोडल्यावर मुलांनी जिवाचे बरेवाईट करून घेतल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. जे रोज सहा तास चालत होते ते एका दमात तोडू नये. रागाच्या भरात तर नाहीच.

त्या घरी पुढे काय झाले? पिन बदलला, तो आता आईच्या बहिणीकडे असतो. गटाचे पैसे हप्त्याने फेडले. विहारातल्या अभ्यासिकेची चावी आणि वही त्या मुलाकडे दिली. संध्याकाळी साडेसहाला उघडायचे, कोण आले त्याची नोंद ठेवायची, पुस्तके मोजून लावायची. आधी दोन दिवस आला नाही, नंतर येऊ लागला. धाकटी मुले त्याला दादा म्हणतात. गेम पूर्ण सुटला का? नाही. शनिवारी-रविवारी दोन-दोन मॅच खेळतो, घरातल्यांसमोर बसून. मध्ये परीक्षेनंतर एकदा घसरला, पुन्हा सावरला. झोप मात्र आता सात-आठ तास होते.

पैशांचा खेळ

खेळ आणि जुगार यांत भगवंतांनीही फरक केला आहे. दीघनिकायाच्या पहिल्याच सुत्तात त्या काळच्या खेळांची एक लांब यादी आहे. आठ घरांचा पट, दहा घरांचा पट, चेंडू, भिंगरी, लहान रथ, लहान धनुष्य, लांब काठीने आखूड काठी मारण्याचा खेळ, म्हणजे आपला विटीदांडूच. बुद्ध स्वतः आणि भिक्खू यांनी त्यात वेळ घालवू नये असे तिथे आहे. गृहस्थांना मात्र सिगालोवाद सुत्तात धोक्याचा इशारा आहे तो जुगाराबद्दल. जिंकणाऱ्याला वैर मिळते, हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो, हातातला पैसा जातो, सभेत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र तुच्छ मानतात आणि सोयरीक जमत नाही. असे सहा तोटे. बचत गटाच्या बैठकीत त्या आईवर जी वेळ आली ती यातल्या चौथ्या तोट्याची होती, आणि तीही स्वतः न खेळता.

मुलांचे एवढे बोललो, आता मोठ्यांचे. वस्तीत रमी, तीन पत्ती, क्रिकेटवर टीम लावणे हे बापलोकच जास्त करत होते. जुलै २०२५ मध्ये तर विधिमंडळाच्या सभागृहात एका मंत्र्यांच्या मोबाईलवर रमी दिसल्यावरून महाराष्ट्रभर गदारोळ झाला. आपण खेळत नव्हतो असे मंत्री म्हणाले, तो भाग वेगळा. पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट २०२५ मध्ये, संसदेने पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाईन खेळांवर बंदीचा कायदा केला. कौशल्याचा खेळ आहे, नशिबाचा नाही, ही पळवाट त्यात ठेवलेली नाही. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, तेव्हा फसलेल्याने लपवायचे कारण नाही. मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ बंद केले, पण चोरवाटेने लिंक येतातच. अशा लिंकवर पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर फोन करा. जितका उशीर तितकी रक्कम अडवण्याची आशा कमी. मुलांच्या गेममधले पोशाख आणि पेट्या या कायद्याने बंद झालेल्या नाहीत. त्यासाठी पिन आपल्या हातात हवा.

घरात काय करता येईल

जुन्या गेमला जो शेवट होता तो आता घराने द्यायचा आहे. “पाच मिनिटांत ठेव” हे वाक्य भांडणाचे मूळ आहे, कारण संघाचा डाव पाऊण-अर्धा तास चालतो आणि मध्ये उठता येत नाही. मिनिटे सांगू नका, डाव सांगा. दोन मॅच, मग फोन आईकडे. कोणते दोन ते मुलाने ठरवावे. शाळेच्या दिवशी काही नाही, सुटीच्या दिवशी दोन, असे आमच्या पाहण्यात बऱ्याच घरांत जमले. जमले म्हणजे आठवड्यातून एकदा कुरबूर होते, एवढेच.

रात्री फोन अंथरुणात नको. चार्जिंगची जागा चुलीजवळ, पाण्याच्या माठाजवळ, कुठेही, पण अंथरुणापासून लांब. हा नियम बापालाही. बाप रात्री बारापर्यंत रील बघत असेल तर मुलाला सांगायला तोंड राहत नाही. मोठ्या फोनमध्ये ॲपला वेळेची मर्यादा घालायची सोय असते. वस्तीतला एखादा कॉलेजचा मुलगा किंवा मुलगी दहा मिनिटांत लावून देईल. दोन वर्षांखालच्या बाळाला भरवताना फोन दाखवू नका. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासाच्या वर पडदा नको, कमी असेल तर उत्तम.

मुलींचे वेगळे सांगायचे आहे. पार्लरच्या काळात खेळ मुलांचाच होता, आज फोनही आधी भावाच्या हातात जातो. बहीण भांडी घासते आणि भाऊ मॅच खेळतो. खेळायची वेळ वाटायची असेल तर कामही वाटा. आमच्या एका वर्गात एका ताईंनी हा नियम लावला आणि मुलाचे खेळणे आपोआप कमी झाले.

वस्तीने मिळून काही करायचे असेल तर सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाकडे पाहा. तिथे २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो. टीव्ही, मोबाईल दीड तास बंद, मुले अभ्यासाला, मोठे बोलत बसतात. साडेआठला पुन्हा भोंगा. आपल्याकडे जयंतीचा भोंगा आहे, विहार आहे, समाजमंदिर आहे. पहिली चार दिवस लोक हसतील. तसे ते त्या गावातही हसले असतीलच.

आणि ज्या बापांना आपले जुने गेम आठवतात त्यांनी ती आठवण टोमणा म्हणून वापरू नये. मुलाच्या शेजारी बसा, “मला शिकव” म्हणा, एक मॅच खेळा. हराल. मग कॅरम काढा आणि त्याला हरवा. विहारातल्या त्या दादांनी पुढच्या रविवारी ब्रिक गेम घरी ठेवला आणि विटीदांडू आणला. विटी दोनदा पत्र्यावर गेली, एकदा शेजारच्या काकूंच्या वाळवणात. काकू बोलायच्या त्या बोलल्या.

मूल रात्ररात्र जागत असेल, शाळा सोडत असेल, जेवत नसेल, घरातले पैसे जात असतील किंवा “मला जगायचं नाही” असे एकदा जरी बोलले असेल तर थांबू नका. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग आहे, तिथे किशोरवयीन मुलाला घेऊन जाता येते. तोवर टेलिमानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलता येते. फोन मुलानेच करायला हवा असे नाही, आईने केला तरी चालतो.